टीबीचे नमुने: उघडं टेबल, कॅबिनेट की बंदिस्त लॅब?

टीबीची तपासणी सुरू करायची म्हटलं की लोक आधी बायोसेफ्टी कॅबिनेटची (हवा गाळून जंतू आत अडवणाऱ्या, कपाटासारख्या टेबलाची) चौकशी करतात. माझ्या मते आधी ठरवायला हवं ते हे, की लॅबमध्ये नेमकं कोणतं काम होणार. संसर्ग होतो तो हवेत तरंगणाऱ्या १ ते ५ मायक्रॉनच्या कणांतून, आणि असे कण किती उडतील हे कामावर अवलंबून असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत धोक्याच्या तीन पातळ्या पाडल्या आहेत, त्या याच हिशेबाने.

नुसती थुंकीची स्लाइड पाहायची किंवा कार्ट्रिजवरची (यंत्रात घालायच्या बंद डबीतली) जनुकीय चाचणी करायची, तर उघडं टेबल पुरतं. थुंकी चिकट असते, सहजी उडत नाही. कार्ट्रिजच्या चाचणीत तर आधी मिसळलेलं रसायनच बहुतेक जंतू मारतं. हवा मात्र तासाला ६ ते १२ वेळा बदलली पाहिजे आणि काम करणाऱ्याच्या पाठीकडून टेबलाकडे, तिथून बाहेर गेली पाहिजे. (ज्योतीवरून फिरवलेली स्लाइड निर्धोक झाली असं धरू नका.)

कल्चर लावायचं असेल, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहायचे असतील, तर गोष्ट बदलते. नमुना पातळ होतो, ढवळला जातो, सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) फिरतो. इथे बायोसेफ्टी कॅबिनेट हवंच. क्लास १ माणसाला वाचवतं, नमुन्याला नाही. क्लास २ दोघांनाही. कल्चरचा निकाल यायला काही आठवडे लागतात, त्यात बाहेरचे जंतू शिरले तर सगळं पुन्हा. म्हणून मी क्लास २ घेईन. लॅमिनार फ्लो कॅबिनेट दिसायला तसंच आणि स्वस्तही, पण ते हवा थेट तोंडावर सोडतं. टीबीसाठी ते घेऊच नये. सेंट्रिफ्यूजची झाकणबंद बकेटही कॅबिनेटमध्येच उघडायची.

वाढलेलं कल्चर हाताळून औषधसंवेदनशीलता (कोणतं औषध जंतूंवर चालतं ते) पाहायची, तर जंतूंची संख्या अफाट असते. त्याला दुहेरी दारांची, एकाच दिशेने हवा खेचणारी वेगळी खोली लागते. लहान लॅबने या वाटेला जाऊ नये, कल्चर संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवावं. खोली बांधण्यापेक्षा ती चालू ठेवणं अवघड.

कॅबिनेटचं तरी काय, त्यातला हेपा फिल्टर (हवेतले बारीक कण अडवणारी गाळणी) गळतोय हे डोळ्यांना दिसत नाही. दरवर्षी तपासून प्रमाणित करून घेण्याची सोय नसेल, तर ते विकत न घेता कार्ट्रिजवरच थांबलेलं बरं. एन-९५ मास्क लावून कॅबिनेटशिवाय कल्चर लावणं हा पर्याय नाही.