झिंड-हुम्ब्रेख्तची हेंग्स्ट गेवुर्त्सट्रामिनर: लिचीचा वास आणि चुनखडीची जमीन

गेवुर्त्सट्रामिनर ही पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाची जात. तिच्या वाइनची बाटली उघडली, ग्लासात दोन बोटं ओतली आणि बायको किचनमधूनच म्हणाली, लिची सोललीस का? तिचं नाक बरोबर होतं. लिचीत आणि या द्राक्षात रोज ऑक्साइड नावाचा एकच सुगंधी घटक असतो, त्यामुळे आधी लिची, मागोमाग गुलाब, मग आलं आणि जराशी लवंग. नावातलं गेवुर्त्स म्हणजे जर्मनमध्ये मसालाच.

मी राहतो फ्रायबुर्गला, ऱ्हाईन ओलांडली की तासाभरात कोलमार, म्हणजे फ्रान्समधलं आल्सास. पश्चिमेला व्होजचे डोंगर पाऊस अडवतात, त्यामुळे कोलमार फ्रान्समधल्या सगळ्यात कोरड्या शहरांपैकी एक आहे, द्राक्षाला अगदी मानवणारं. ही वाइन तिथलीच. झिंड आणि हुम्ब्रेख्त ही दोन द्राक्षवाल्यांची घरं, लग्नातून 1959 साली एक झाली, आणि नव्वदीच्या शेवटी सगळी बाग ऑरगॅनिक, पुढे बायोडायनॅमिक (ऑरगॅनिकच, पण चंद्राच्या कला आणि निसर्गचक्र पाळून) केली.

आता जमिनीचं, कारण मला खरं लिहायचंय ते हेच. आमची निफाडला थॉमसन द्राक्षांची बाग आहे आणि बाबा चुनखडीच्या जमिनीला कायम नावं ठेवतात, पानं पिवळी पडतात, लोह लागू होत नाही. आणि इथे कोलमारजवळ, जिथली ही वाइन त्या हेंग्स्टच्या उतारावर पाऊस पडून गेल्यावर चढलो तर बुटाला चिकणमाती चिकटली, ढेकूळ फोडलं तर आत पांढरे चुनखडीचेच खडे! हीच जमीन ग्रां क्रू, म्हणजे आल्सासच्या 51 नावाजलेल्या उतारांपैकी एक. याच घरची टुर्कहाइम गावाच्या सपाटीवरची, हेरेनवेगची गेवुर्त्सट्रामिनर मी आधी प्यायलोय, तिथे नदीने आणलेली वाळू-गोटे, पाणी झटकन निचरतं, माती लवकर तापते, वाइन पहिल्या दिवसापासून फुलासारखी उघडी. हेंग्स्टची तशी नाही. माती पाणी धरून ठेवते, गार राहते, मण्यात साखर हळूहळू भरते, आणि या जातीत आंबटपणा मुळात कमी असल्यामुळे तो टिकणं फार महत्त्वाचं. दगडाची चव थेट वाइनमध्ये उतरते असं काही नाही, फरक पडतो तो मुळाशी पाणी किती आणि कधी मिळतं याने, आणि हे आपल्या कुठल्याही बागायतदाराला लगेच पटेल.

तोंडात घेतली की जाड, तेलकट म्हणावी इतकी भरीव, वास गोड असला तरी शेवट कोरडा, खारटसर, किंचित कडवट, आणि घोट गिळल्यावर बराच वेळ जिभेवर राहते. मला ही चव अतिशय आवडते.

ऑरगॅनिक म्हणजे फवारणीच नाही असं समजू नका. डाऊनी आणि भुरी या द्राक्षावरच्या बुरशी, डाऊनीला मोरचूद (म्हणजे तांब्याचं मीठ) आणि चुना, भुरीला गंधक इथेही मारतात, पण युरोपात ऑरगॅनिकला तांब्याची मर्यादा 7 वर्षांत हेक्टरी 28 किलो, आणि तणनाशक अजिबात चालत नाही. उतारावर एका बागेत ओळींमधलं गवत कापून तिथेच टाकलेलं, खाली माती भुसभुशीत, शेजारच्या बागेत वेलींखालचा पट्टा तणनाशकाने पिवळा आणि माती पापडासारखी कडक, मधे फक्त दोन पावलांचं अंतर. हे बघून मी बाबांना लगेच व्हिडिओ कॉल लावला.

घेताना एक बघा, गोडी दरवर्षी वेगळी असते. यांच्या लेबलवर 1 ते 5 आकडा असतो, 1 म्हणजे कोरडी, आणि 2021 च्या पिकापासून आल्सासच्या बाटल्यांवर सेक (कोरडी), दमी-सेक (अर्धगोड) वगैरे लिहिणं सक्तीचंच झालंय. फार गार करू नका, 10-12 डिग्री पुरे. एका रेस्टॉरंटमध्ये बर्फाच्या बादलीत बुडवून आणली होती, अर्धा तास वासच नाही, पैसे गेल्याचं वाईट वाटलं. तिखटाबरोबर नको, दारूमुळे तिखट अजून झोंबतं. तिकडे मुन्स्टर चीजवर शहाजिरं घालून खातात, ते जरूर करून बघा, आणि आमच्याकडे नारळाच्या रसातल्या कोलंबीबरोबर तर फारच छान लागली.

स्वस्त नाहीये, वर्षातून दोन-तीनदाच परवडते. एक बाटली ठेवलीय. बाबा खरड छाटणी उरकून मेमध्ये येतायत, त्यांना आधी हेंग्स्टवर नेऊन ते ढेकूळ हातात देणार, मग बाटली उघडू.