मामांचा ओपिनेल आन माझा ओपिनेल, वर्षभर शेजारीशेजारी वापरून

आमचे मामा मर्चंट नेव्हीत होते, १९८३ मध्ये फ्रान्सवरून एक ओपिनेल आठ नंबर (तिकडचा घडीचा चाकू) घेऊन आले आन तो अजून चालून राहिला. मागच्या जुलैत मी तसाच नवा मागवला, कार्बन स्टीलचा, दोन हजाराच्या आसपास पडला. पाकीट फोडायच्या आधीच मामा म्हणे, "आता तसं पोलाद राहिलं नाही बे." म्हटलं थांबा, वापरून सांगतो.

चाकू तसा १८९० चा, डिझाइन फारसं बदललंच नाही. साडेआठ सेंटीमीटर पातं, बीचच्या लाकडाची मूठ, तोंडाशी फिरवून पातं लॉक करायचं पोलादी कडं. जुना का नवा ते ह्या कड्यावरूनच कळते. १९५५ ला कडं आलं तेव्हा पातं उघडल्यावरच लॉक व्हायचं, मिटवल्यावर नाही. २००० पासूनचं दोन्हीकडून लॉक होते. मामा खिशात टाकताना रबरबँड गुंडाळतात, मला लागत नाही, इथे नव्याला सरळ एक मार्क जास्त.

आता पोलाद. मामांच्या पात्यावर निळसर-काळा रंग चढलाय, लोकांना गंज वाटते, तो गंज नाही, आंबटाने चढलेला रंग आहे. माझंही पातं पहिल्याच तर्री-पोह्याच्या लिंबाला डागाळलं, आठवडाभर कांद्याला लोखंडाचा वास, बायको म्हणे फेका ते. मग रंग बसला आन वास गेला. धारेत मला तर फरक दिसला नाही. उलट मामांच्या चाकूचं टोक लवकर बोथट होते, कारण कधीतरी नागपूरच्या इतवारी बाजारात एका सायकलवाल्या धारवाल्याने ते मशीनवर असं दाबून धरलं की टोक निळं पडलं, पाणीच उतरलं त्याचं, म्हणजे तापून पोलाद मऊ झालं. पातंही झिजून करंगळीएवढं उरलंय. म्हणजे आपण जुना-नवा म्हणतो तेव्हा अर्धी तुलना कोणी कसा वापरला याचीच असते, आन जे चाकू मोडले ते कोणाच्या खिशात दिसत नाहीत.

मूठ मात्र मामांचीच भारी. पावसाळ्यात लाकूड फुगते, माझं पातं ऑगस्टात निघता निघत नव्हतं, मुठीचं बूड टेबलावर ठोकलं की वर येते (फ्रान्सवालेही हेच करतात म्हणे). मेमध्ये पंचेचाळीस डिग्रीत तेच पातं सैल. मामांची मूठ चाळीस वर्षं जवसाचं तेल पिऊन बसलीय, ती ढिम्म हलत नाही. मीही आता तेल लावणं सुरू केलं.

सीताबर्डीवरून एकदा दीडशेचा चकचकीत फोल्डिंग घेतला होता, तीन महिन्यांत रिवेट ढिला, त्याच्यापुढे हे दोन्ही राजे.

परवा मामा आले, माझ्याच चाकूने कैरी कापली, कडं दोनदा फिरवून पाहिलं. म्हणे पोलाद ठीक आहे, पण वजन नाही ह्याला. किचनच्या काट्यावर ठेवले दोन्ही. माझा दोन ग्रॅम जास्त भरला. मामा म्हणे काटा बदल.