शहराबाहेरचं मोठं केंद्र की पेठेतलं छोटं?

आई-वडिलांना सांभाळायला घरी ब्युरोची बाई ठेवून झाली. ती गौरीला गावी गेली ती परत आलीच नाही. दुसरी आली, तिला रात्री झोप आवरेना. आता घरातलं कुणीतरी नोकरी सोडायच्या बेतात आहे. इथपर्यंत जे आलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आई-वडिलांना शुश्रूषा केंद्रात ठेवावं की नाही, हा वाद तुमच्या घरात होऊन गेला असं मी धरून चालतो. भावकीतले काय म्हणतात तेही तुम्ही ऐकून घेतलं असेल. आता प्रश्न एवढाच, की ठेवायचं ते कसल्या केंद्रात.

कोल्हापुरात मला तरी दोन तऱ्हा दिसल्या. एक म्हणजे शहराबाहेर मोकळ्या जागेत खास बांधलेलं मोठं केंद्र. लिफ्ट, बाग, रोज डॉक्टरांची फेरी, तीन पाळ्यांचा स्टाफ. दुसरी म्हणजे राजारामपुरीत, संभाजीनगरला किंवा एखाद्या पेठेत जुन्या घरात चालवलेलं दहा-बारा खाटांचं छोटं केंद्र. आमचे आबा दोन्हीकडे राहिले, आधी मोठ्यात, मग छोट्यात. आक्काच्या सासूबाई अजूनही मोठ्यातच आहेत आणि खुशीत आहेत. त्यामुळे माझं मत म्हणजे सगळ्यांसाठी शेवटचा शब्द नव्हे. पण मत आहे, आणि ते लपवणार नाही.

पैशांचं आधी उरकून टाकतो. मोठ्याचा महिन्याचा आकडा जास्त वाटतो. छोट्याकडे डायपर, अंडरपॅड, फिजिओथेरपी, डॉक्टरांची भेट हे सगळं वरून द्यावं लागतं. आमच्या बाबतीत दोन्ही बेरजा जवळपास आल्या, म्हणून पैशांवरून मी काही ठरवलं नाही. मात्र एक समज मनातून काढून टाका. सत्तरीपुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण मिळालं, ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. दर महिन्याच्या सांभाळाचा खर्च त्यातून निघत नाही.

मोठ्या केंद्राचं चांगलं ते मनापासून सांगतो. आक्काच्या सासूबाई वॉकर घेऊन चालतात, बोलायला खणखणीत आहेत. सकाळी बागेत बसतात, संध्याकाळी भजनाला. बरोबरीच्या चार बायका मिळाल्यात, त्यातली एक माहेरकडच्या गावची निघाली. घरात एकट्या पडल्या होत्या तेव्हापेक्षा त्यांचा चेहरा आता उजळ आहे, हे मीही पाहिलंय. जेवणात मीठ कमी पडलं, चादर बदलली नाही, रात्रीची सिस्टर चिडकी आहे, हे सगळं त्या आक्काला फोन करून सांगतात. आक्का ऑफिसला फोन लावते आणि काम होतं. बीपी, शुगर वेळच्या वेळी तपासली जाते, तक्ता भरला जातो. आया सुट्टीवर गेली तर तिच्या जागी दुसरी उभी असते. गौरी-गणपतीत आणि चैत्रात जोतिबाच्या यात्रेच्या दिवसांत याची किंमत कळते.

आबांचं मात्र निराळं होतं. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली. उजवी बाजू गेली की पुष्कळदा वाचाही जाते, कारण बहुतेकांच्या बोलण्याचा आणि उजव्या अंगाचा ताबा मेंदूच्या डाव्या भागाकडेच असतो. आबांना कळायचं बरंच, सांगता यायचं नाही. ‘व्हय’ एवढाच शब्द धड निघायचा, आणि नाही म्हणायचं असलं तरी तोच निघायचा.

मोठ्या केंद्रात भेटीची वेळ चार ते सहा, आणि भेट खालच्या हॉलमध्ये. तिथले मामा आबांना व्हीलचेअरवर घेऊन यायचे. दाढी केलेली, केस विंचरलेले, शर्टाला इस्त्री. मला बरं वाटायचं. वर का सोडत नाही, याचं कारणही पटण्यासारखं होतं. वरच्या मजल्यावर बायकांच्याही खोल्या आहेत, कुणाला स्पंजिंग चाललेलं असतं, बाहेरून संसर्ग येण्याची भीती असते. कोरोनात वृद्धांच्या केंद्रांनी जे भोगलं, त्यानंतर ही भीती खोटी म्हणवत नाही.

एका पावसाळ्यात लिफ्ट बंद पडली होती, म्हणून मला वर सोडलं. खोली स्वच्छ होती, वास नव्हता, चादर ताजी होती. पण बेल आबांच्या उजव्या हाताला. पाण्याचा जग आणि भांडंही उजवीकडच्या टेबलावर. खाटेची डावी बाजू भिंतीला टेकवलेली. म्हणजे जो हात चालतो त्याच्यापुढे भिंत, आणि बेल होती ती गेलेल्या हाताशी. ज्याला हाक मारता येत नाही त्याला बेलही दाबता येत नव्हती, आणि हे किती दिवस चाललं होतं ते विचारायचं तर आबा ‘व्हय’च म्हणणार.

यात कुणाचा दुष्टपणा होता असं मला वाटत नाही. त्या मजल्यावरच्या सगळ्याच खाटा तशा मांडल्या होत्या. मी सांगितल्यावर त्याच संध्याकाळी खाट फिरवली, तिथल्या सिस्टरना वाईटही वाटलं. पण पुढे छत गळायला लागलं म्हणून आबांची खोली बदलली. नव्या खोलीत बेल कुठल्या हाताला आहे, हे कळायला मला काही मार्गच उरला नाही. फोन केला की ऑफिसमधून उत्तर यायचं, ‘सगळं व्यवस्थित आहे, सर.’ ज्यांना मी बेलचं सांगितलं होतं त्या सिस्टरची पाळी बदललेली. नवीन माणसाला पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. त्यांनी केलं असेलही, पण मी पाहू शकत नव्हतो. रात्री घरी अंथरुणावर पडलो की तेवढं एकच डोक्यात घोळायचं.

बाकी सगळं चांगलं असताना एवढ्यासाठी आबांना हलवलंस का, असं आक्का मला अजून विचारते. होय, एवढ्यासाठीच.

छोट्या केंद्रात गेल्यावर पहिली गोष्ट ही कळली, की तिथे भेटीची वेगळी खोलीच नाही. चप्पल काढायची, स्वयंपाकघरावरून जायचं आणि सरळ खाटेशी. कुणाची आंघोळ चालू असेल तर पाच मिनिटं ओट्याजवळ थांबा म्हणतात. ऑफिस सुटल्यावर सातला जा, आठला जा, जेवणं चाललेली दिसतात. ते चालवणाऱ्या बाई स्वतः नर्स होत्या, सगळे त्यांना ताईच म्हणतात. आबांना भरवताना त्या पाठीला उशा लावून नीट बसवतात आणि घास गिळल्याशिवाय पुढचा देत नाहीत. अर्धांगवायूच्या पेशंटला पातळ पाण्याचाच ठसका जास्त लागतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. त्यांनी वरण-भात मऊ आणि दाट करून दिला, पाणी चमच्याने. जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देत नाहीत. या गोष्टी मोठ्या केंद्रातही माहीत असणारच, नाही असं नाही. पण तिथे त्या मला कुणी दाखवल्या नव्हत्या.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची खरी परीक्षा पाठीची असते. दर दोन तासांनी कूस बदलायची हे सगळी केंद्रं सांगतात आणि तक्त्यावर खुणाही करतात. हवेची गादी आहे म्हणून कूस बदलणं टळत नाही. मी आबांकडे गेलो की आधी टाच बघतो, मग माकडहाड, मग खुबा. कातडीवर लाली दिसली आणि बोटाने दाबून सोडल्यावर ती क्षणभरही पांढरी पडली नाही, तर जखम सुरू व्हायला आली समजायचं. लघवीची नळी असेल तर पिशवी खाटेच्या खाली लोंबकळतेय ना, कुणी उचलून गादीवर तर ठेवली नाही ना, हेही बघतो. एकदा लाली दिसली तेव्हा मी ताईंना तिथल्या तिथे दाखवली आणि त्यांनी डाव्या कुशीचा वेळ वाढवला. भेटीच्या हॉलमध्ये शर्ट-पायजमा आणि मोजे घातलेल्या माणसाची टाच कशी बघणार?

छोट्याचे त्रासही आहेत, आणि ते लहान नाहीत. टीव्ही दिवसभर चालू असतो. दुपारी गल्लीत गाड्यांचा आवाज. उघड्यावर बसायला जागा म्हणाल तर व्हरांडा, तोही अरुंद. चालत्या-बोलत्या माणसाचा तिथे जीव घुसमटेल. डॉक्टर रोज येत नाहीत, बोलावल्यावर येतात. आणि माणसं मोजकीच. गावच्या म्हाईला, म्हणजे जत्रेला, पेशंटना सांभाळणाऱ्या दोन मावश्या एकाच वेळी गेल्या की उरलेल्या एकीवर सगळा भार येतो. अशा दिवसांत मी आणि माझी बायको आळीपाळीने जाऊन भरवतो. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी याचा जरूर विचार करावा.

माझ्या एका सहकाऱ्याच्या आईच्या बाबतीत तर याहून वाईट झालं. उपनगरातलं असंच छोटं केंद्र, चालवणाऱ्या बाई स्वतः आजारी पडल्या, आणि आठवड्याभरात सगळ्या पेशंटच्या घरी फोन गेले की न्यायला या. कुणाला कोणती गोळी कधी, हे त्या बाईंच्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. छोटं केंद्र बरेचदा एकाच माणसाच्या जिवावर उभं असतं. म्हणून तिथे पहिल्याच भेटीत विचारा, ‘ताई, तुम्ही चार दिवस नसलात तर कोण बघतं?’ नाव सांगता आलं पाहिजे, आणि ते माणूस तुम्हाला भेटलं पाहिजे. औषधांची वही खाटेजवळ हवी. आबांच्या खाटेला ती दोऱ्याने बांधलेली आहे.

कोल्हापूरकरांना पावसाचं वेगळं सांगायला नको, पण केंद्र निवडताना उन्हाळ्यात बघून येतो आणि तेवढं विसरतो. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. केर्लीजवळ पाणी आलं की रत्नागिरीचा रस्ता बंद होतो आणि पन्हाळ्याच्या अंगाला असलेलं केंद्र तोडल्यासारखं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये तर शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गही बंद झाला होता. अर्धांगवायूच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ज्याला एक झटका येऊन गेलाय त्याला दुसरा येऊ शकतो. तेव्हा सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) हे सरकारी रुग्णालय किंवा तुमचं नेहमीचं रुग्णालय भर पावसात किती वेळात गाठता येईल, हे धरूनच जागा बघा. शहरात म्हणजे सुरक्षित असंही नाही. रमणमळा, नागाळा पार्कचा काही भाग, शाहूपुरीतली कुंभार गल्ली इथेही पाणी चढतं. उंचावरची पेठ किंवा राजारामपुरीसारखा भाग मला त्या मानाने बरा वाटला.

कागदपत्रांत एकच बघा, नोंदणी कशाची आहे. नुसता वृद्धाश्रम आणि आजारी, दुबळ्या माणसांची शुश्रूषा करणारी जागा यांत फरक आहे. दुसरीसाठी शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ चा कायदा आहे. नोंदणीचा कागद भिंतीवर नसेल तर मागा. दाखवायला खळखळ केली तर मी पुढे गेलो नसतो. केंद्रात काही बरंवाईट घडलं आणि कुणाकडे जावं ते सुचेना, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथे निदान वाट तरी सांगतात.

तुमचं माणूस बोलतं असेल, स्वतःच्या पायाने चार पावलं टाकत असेल आणि फोन करू शकत असेल, तर मोठं केंद्र बघायला हरकत नाही. कदाचित तेच बरं पडेल. त्याला सोबत हवी असते, ती तिथे आहे. पण ज्याला सांगता येत नाही, विसर पडतो किंवा कूसही दुसऱ्याने बदलावी लागते, त्याच्यासाठी मी तरी छोटंच निवडेन. गल्लीतला आवाज सोसेन, अरुंद व्हरांडा सोसेन. मोठ्याच केंद्रात ठेवायचं असेल, तर पैसे भरण्याआधी ‘आठवड्यातून एकदा तरी आम्हाला खाटेपर्यंत येऊ द्याल का?’ हे विचारा आणि उत्तर लिहून घ्या. माझ्या माहितीतल्या एका केंद्राने हे मान्य केलंय, म्हणजे मागितलं तर मिळू शकतं.

आणि पहिली भेट सकाळी अकराला ठरवून देऊ नका. रात्री साडेआठच्या सुमाराला, न सांगता जा. जेवणं उरकून दिवे मालवायच्या त्या वेळेला किती मावश्या जाग्या आहेत, कोण कुणाला हाक मारतंय आणि हाकेला किती वेळाने कुणी उठतंय, तेवढं दारात उभं राहून बघा. डिपॉझिट मात्र एक महिना ठेवून बघितल्यावरच भरा, आणि आधी निघालं तर किती परत मिळणार ते पावतीवर लिहून घ्या.