ड्रॉइंगवरील भागांची माहिती : टाइप केलेला मजकूर, ॲट्रिब्यूट की मॉडेलशी जोडलेला बलून?

असेंब्ली ड्रॉइंगमध्ये भागाचा क्रमांक, नाव, मटेरियल, नग आणि लागू असलेले मानक ही माहिती आणण्याच्या तीन पद्धती डिझाइन ऑफिसांत रूढ आहेत: लीडरच्या (भागाकडे नेणाऱ्या रेघेच्या) टोकाला हाताने टाइप केलेला मजकूर, ऑटोकॅडच्या ब्लॉकमधील (एकत्र बांधलेल्या चित्रातील) ॲट्रिब्यूट म्हणजे माहितीचे रकाने, आणि सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरमधील त्रिमितीय मॉडेलशी जोडलेले बलून (भागाचा क्रमांक असलेली वर्तुळे) व बीओएम (भागांच्या यादीचा तक्ता). छापील प्रतीवर तिन्हींचे रूप जवळजवळ सारखेच दिसते. भागांच्या क्रमांकांविषयीच्या आयएसओ ६४३३ या मानकाच्या संकेतांप्रमाणे क्रमांक मापांच्या आकड्यांपेक्षा मोठे काढावेत, आणि लीडर भागाच्या आत संपत असेल तर ठिपका, कडेवर संपत असेल तर बाण द्यावा, हे कोणत्याही पद्धतीने साधते. म्हणून निवड नमुना-प्रिंट पाहून करू नये. ड्रॉइंगमध्ये पहिला बदल आला की माहिती किती ठिकाणी दुरुस्त करावी लागते, हे पाहून करावी.

एक साधे बेअरिंग हाउसिंग घेऊ. २५ मिमी शाफ्टवर ६२०५ क्रमांकाची दोन बेअरिंग आहेत आणि भार वाढल्यामुळे त्यांच्या जागी ६३०५ बसवायची आहेत. बोअर २५ मिमीच राहतो, पण बाहेरचा व्यास ५२ वरून ६२ मिमी आणि रुंदी १५ वरून १७ मिमी होते. साहजिकच हाउसिंग आणि कव्हर बदलतात, आणि बेअरिंगचा क्रमांक बीओएममध्ये, सेक्शनवरील (छेददृश्यावरील) टिपेत व स्पेअर पार्टच्या यादीत असा तिन्हीकडे बदलावा लागतो.

टाइप केलेल्या मजकुराबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ऑटोकॅडमध्ये २००८ च्या आवृत्तीपासून मल्टीलीडर असल्याने रेघ आणि मजकूर एकत्र सरकतात, एलटी या मर्यादित सुविधांच्या आवृत्तीतही काम भागते आणि ही फाइल दुसऱ्या कोणालाही सहज दुरुस्त करता येते. दहाबारा भागांच्या, पुन्हा न येणाऱ्या जॉबला यापेक्षा जड पद्धत वापरणे म्हणजे वेळेचा अपव्यय आहे. परंतु बलूनमधला आकडा आणि तक्त्यातली ओळ यांचा परस्परसंबंध येथे केवळ ड्राफ्ट्समनच्या लक्षात असतो. फाइंड कमांड मदत करते, मात्र बोल्टचे वर्णन एका ठिकाणी ‘एम१२’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘एम १२’ असे लिहिलेले असेल, तर शोधात एक सापडते आणि दुसरे निसटते.

ॲट्रिब्यूट पद्धतीत भागाच्या चित्राचा ब्लॉक करून त्यात क्रमांक, वर्णन, मटेरियल, मानक अशी रकान्यांसारखी जागा ठेवली जाते. ब्लॉक ड्रॉइंगमध्ये टाकताना त्या जागा भरायच्या, आणि नंतर डेटा एक्स्ट्रॅक्शन कमांडने त्यांचा तक्ता शीटवर किंवा एक्सेल फाइलमध्ये काढायचा. खरेदी विभागाला हाताने पुन्हा टाइप न केलेली यादी मिळते, हा या पद्धतीचा मुख्य लाभ आहे. द्विमितीय काम चालू ठेवूनच तो मिळत असल्याने लहान ऑफिसांनी या पद्धतीचा विचार सर्वांत आधी करावा, असे माझे मत आहे. मात्र डेटा एक्स्ट्रॅक्शन एलटीमध्ये नाही. केवळ एलटीचे लायसन्स असलेल्यांनी ही बाब आधीच हिशेबात धरावी.

या पद्धतीतील अडचणी माहीत नसतील तर ती मजकुरापेक्षा अधिक फसवी ठरते. एकच बेअरिंग सेक्शनमध्ये आणि बाजूच्या दृश्यात अशा दोन्ही ठिकाणी ब्लॉक म्हणून टाकले, तर सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते दोन स्वतंत्र नग असतात. यादीत संख्या दुप्पट येते आणि एका ठिकाणी केलेला बदल दुसरीकडे पोहोचत नाही. यावर उपाय असा की माहिती असलेला ब्लॉक एकाच दृश्यात वापरावा आणि इतर दृश्यांत त्याच आकाराचा, पण ॲट्रिब्यूट नसलेला ब्लॉक ठेवावा. दुसरे असे की ब्लॉकच्या व्याख्येत नवा रकाना वाढवल्यावर तो आधी टाकलेल्या ब्लॉकांत आपोआप येत नाही; त्यासाठी ॲटसिंक ही कमांड चालवावी लागते आणि ते करताना हाताने सरकवलेली अक्षरे मूळ जागी परततात. तिसरा धोका सर्वांत महाग पडतो. घाईत कोणी ब्लॉक एक्सप्लोड केला, म्हणजे त्याचे सुटे भाग केले, तर भरलेली माहिती नाहीशी होऊन तिच्या जागी रकान्यांची नावे दिसू लागतात. एक्सप्रेस टूल्समधील बर्स्ट कमांड निदान मजकूर तरी राखते, म्हणून ऑफिसात एक्सप्लोडला मनाई असावी.

पूर्ण ऑटोकॅडचे सबस्क्रिप्शन असलेल्यांना मेकॅनिकल टूलसेटचाही मार्ग खुला आहे, कारण तो २०१९ च्या आवृत्तीपासून त्याच सबस्क्रिप्शनमध्ये मिळतो. त्यात भागाला संदर्भ देऊन बलून आणि पार्ट लिस्ट एकाच बीओएमवरून काढता येतात. परंतु ही फाइल टूलसेट नसलेल्या व्हेंडरकडे गेली की तेथे बलून प्रॉक्सी म्हणून (नुसती बदली प्रतिमा म्हणून) दिसतात आणि दुरुस्त करता येत नाहीत. ड्रॉइंग बाहेर फारसे जात नसेल, तरच हा पर्याय सोयीचा आहे.

मॉडेलशी जोडलेल्या पद्धतीत माहिती ड्रॉइंगवर नसते. ती भागाच्या फाइलमध्ये कस्टम प्रॉपर्टी म्हणून राहते आणि बलून, बीओएम व टिपा ती तेथून उचलतात. आपल्या उदाहरणात असेंब्लीतील बेअरिंग बदलले की त्याचे वर्णन सगळीकडे बदलते, आणि नग मॉडेलमधून मोजले जात असल्याने दृश्ये कितीही असली तरी संख्या दोनच राहते. एखादा भाग बीओएममध्ये नसेल, तर त्याच्या बलूनमध्ये आकड्याऐवजी तारांकन (*) दिसते. ही सूचना दुर्लक्षून प्रिंट काढू नये. एकाच मॉडेलमधून अनेक आकार काढणाऱ्यांनी वर्णन प्रत्येक कॉन्फिगरेशनसाठी (मॉडेलमधील प्रत्येक आकारासाठी) वेगळे भरावे, नाहीतर सर्व आकारांना एकच वर्णन लागते. ग्रीस, सीलंट, रंग अशा मॉडेल न केलेल्या वस्तू यादीत आणण्यासाठी आकार नसलेला भाग तयार करून ठेवावा लागतो. शिवाय तक्त्याच्या चौकटीत थेट टाइप करून जोडणी तोडण्याचा मोह टाळावा लागतो, कारण तसे केल्यावर ती ओळ पुन्हा हाताने सांभाळावी लागते. ड्रॉइंग डीडब्ल्यूजीमध्ये (ऑटोकॅडच्या फाइल-प्रकारात) एक्स्पोर्ट केल्यावर जोडणी उरत नाही, हेही समोरच्याला आधीच सांगितलेले बरे.

फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि तिच्यासोबत असेंब्ली वर्कबेंच आले. त्याच्या टेकड्रॉ या ड्रॉइंग काढण्याच्या विभागात बलून आहेत आणि स्प्रेडशीट शीटवर ठेवता येते. तथापि बलूनमधील आकडा हातानेच सांभाळावा लागतो. त्यामुळे मॉडेल त्रिमितीय असले तरी भागांच्या माहितीपुरते ते पहिल्या पद्धतीच्याच जवळ राहते.

ज्यांना ग्राहकाकडून डीडब्ल्यूजी येते, डीडब्ल्यूजीच परत द्यावी लागते आणि जॉब बहुतांशी द्विमितीय असतात, त्यांनी ॲट्रिब्यूट पद्धत स्वीकारावी. एकच यंत्र अनेक आकारांत विकणाऱ्या आणि दर ऑर्डरला भाग बदलणाऱ्या कारखान्याने मॉडेलकडे वळावे, मात्र प्रॉपर्टी भरण्याची शिस्त पाळणारी व्यक्ती नेमूनच. ती नसेल तर महागडे सॉफ्टवेअर घेऊनही यादी हातानेच लिहिली जाईल. दोन्ही बाबतीत रकान्यांची नावे खरेदी आणि स्टोअर यांच्याशी बोलून आधी ठरवावीत, कारण एका ब्लॉकमध्ये ‘मटेरियल’ आणि दुसऱ्यात ‘मॅटल’ असे नाव असेल, तर काढलेल्या तक्त्यात दोन वेगळे रकाने येतात. जुनी सर्व ड्रॉइंग एकदम नव्या पद्धतीत आणण्याची गरज नाही. ज्या ड्रॉइंगचे रिव्हिजन निघेल, तेवढेच त्या वेळी बदलावे.