सत्तरची शेव्हेल: मागचा ॲक्सल कोणता, गिअर कोणते?

समजा तुमच्याकडे १९७० ची शेव्हेल मालिबू आहे, शेव्हरोलेची (म्हणजे शेव्हीची) जुनी अमेरिकन गाडी. ३५० घनइंची व्ही-एट इंजिन, चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स आणि मागे कारखान्यातूनच आलेला टेन-बोल्ट ॲक्सल (झाकणावर दहा बोल्ट असलेला). तो आता ताशी पन्नास मैलांच्या पुढे घुंऽ करायला लागलाय. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत: आहे तोच उघडून नीट करा, शेव्हीचाच ट्वेल्व्ह-बोल्ट बसवा, किंवा फोर्डचा नाइन-इंच घ्या. मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. पहिल्या दोन्ही वाटा मी स्वतः चालून झालोय, तिसरी मित्राच्या गाडीखाली झोपून पाहिलीय.

सगळेजण ॲक्सलच्या नावापासून सुरुवात करतात. मी म्हणेन, आधी गिअरचा आकडा ठरवा. आपल्याकडचे गॅरेजवाले ज्याला क्राउन-पिनियन म्हणतात, त्याच्या दात्यांचा हा हिशेब. क्राउन या मोठ्या चक्राला ४१ दाते आणि पिनियन या छोट्याला ११, म्हणजे ३.७३: चाक एकदा फिरायला गिअरबॉक्सकडून मागे येणारा प्रोपेलर शाफ्ट पावणेचार वेळा फिरतो. आकडा मोठा तितकी सुटताना गाडी चपळ आणि हायवेवर इंजिन तितकंच ओरडणार.

तुमच्या गाडीत सध्या काय आहे ते विक्रेत्याच्या सांगण्यावर सोडू नका. मागची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलून स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रल ठेवा, टायरवर आणि शाफ्टवर खडूने एकेक रेघ मारा. पॉझिट्रॅक्शन (दोन्ही चाकांना एकत्र ताकद देणारं डिफरन्शियल) असेल तर दोन्ही चाकं एकाच दिशेला फिरतील. चाक एक फेरा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. साधं डिफरन्शियल असेल तर एक चाक घट्ट धरून दुसरं दोन फेरे फिरवा. रेघ साडेतीनच्या जरा पुढे थांबली तर ३.५५, पावणेचारला थांबली तर ३.७३.

आता हायवेचा हिशेब. ताशी मैल गुणिले गिअरचा आकडा गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत. उत्तर येतं ते इंजिनचं आरपीएम. साडेसव्वीस इंची टायर आणि ७० मैल वेग धरून:

३.३१: साध्या चौथ्या गिअरमध्ये २९४०, ०.६८ च्या ओव्हरड्राइव्हमध्ये (शाफ्ट इंजिनपेक्षा जलद फिरवणारा पाचवा गिअर) २०००
३.५५: ३१५० आणि २१४०
३.७३: ३३१० आणि २२५०
४.१०: ३६४० आणि २४७०

मी हौसेने ४.१० बसवले होते. डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर सिग्नल ते सिग्नल मजा यायची, खोटं कशाला बोलू. पण एकदा बायकोला घेऊन त्याच गाडीने आय-९४ वरून शिकागोला गेलो. वाटेतलं कलमझू येईपर्यंत आम्ही दोघं ओरडून बोलत होतो, पुढे बोलणंच बंद झालं. परतीची ट्रेन किती वाजता आहे, एवढं तिने तिथे पोचल्यावर विचारलं.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात: पहिला गिअर. मन्सीच्या एम-२० मध्ये तो २.५२ आहे, एम-२१ मध्ये २.२०. एम-२० मागे ३.३१ असले तर या दोन आकड्यांचा गुणाकार ८.३४ येतो, एम-२१ मागे ३.७३ असले तर ८.२१. म्हणजे सुटताना दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच, पण हायवेवर पहिली पावणेचारशे आरपीएमने शांत. पाच गिअरचा ट्रेमेक टीकेएक्स बसवणार असाल, तर २.८७ चा पहिला गिअर मिळतो. त्यामागे ३.५५ लावले की गुणाकार दहाच्या वर जातो, आणि पाचव्यात इंजिन एकवीसशेवर रमतगमत चालतं. त्या गाडीला ४.१० कशाला हवेत, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

आता ॲक्सल. तुमचा टेन-बोल्ट ८.२ इंची क्राउनचा आहे. इंजिन मूळचंच, टायर साधे रेडियल आणि क्लच फटकन सोडायची सवय नसेल, तर बेअरिंगं-सील बदलून तो बरीच वर्षं चालेल आणि सर्वांत स्वस्तही पडेल. इंजिन वाढवायचा विचार असेल तर मात्र त्यावर पैसे घालू नका. पिनियन बारीक, आणि वाढीव ताकदीचे सुटे भाग मोजकेच.

माझं मत ट्वेल्व्ह-बोल्टच्या बाजूने आहे. १९६५ ते १९७२ या काळात शेव्हीच्या दणकट गाड्यांखाली तो असायचा. क्राउन ८.८७५ इंची, पिनियन जाड. शेव्हेलचाच असेल तर कंट्रोल आर्मचे कान जागच्या जागी, वेल्डिंग नाही. कॅमॅरो किंवा नोव्हा या शेव्हीच्याच गाड्यांचा चालत नाही. त्यांना मागे पाटे असतात, आपल्याला स्प्रिंग. जुन्या बाजारात घेणार असाल तर सांभाळा: पिकअप ट्रकचाही ट्वेल्व्ह-बोल्ट असतो. झाकणावर बोल्ट तितकेच, क्राउनही तेवढाच, पण पिनियनचा दांडा बारीक आणि गिअर कारच्याला लागत नाहीत. बोल्ट मोजून खूश होऊन पैसे दिलेले लोक मी पाहिलेत. त्यापेक्षा मोझर किंवा स्ट्रेंज या कंपन्यांचा नवा कोरा घेतलेला बरा.

यात एक खाच आहे, मला ती महागात पडली. ३.३१, ३.५५, ३.७३ एका कॅरिअरवर (क्राउन ज्याला बोल्टने बसतो तो भाग) बसतात, ४.१० ला दुसरं कॅरिअर लागतं. शिकागोनंतर मी ३.५५ वर आलो तेव्हा नुसते गिअर बदलून भागलं नाही, पॉझीसकट सगळा गोळा नवा घ्यावा लागला. म्हणून म्हणतो, आकडा आधी. दुसरा दोष सी-क्लिपचा. ॲक्सलचा दांडा आतल्या टोकाला एका छोट्या क्लिपने अडकलेला असतो. दांडा मोडला तर चाक त्याच्यासकट बाहेर येऊ शकतं. पाव मैल १०.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर काढणाऱ्या गाडीला ड्रॅग स्ट्रिपवर ही रचना बदलून घ्यावीच लागते. रस्त्यावरच्या गाडीची मला त्यावरून झोप उडत नाही.

फोर्डचा नाइन-इंच १९५७ पासून १९८६ पर्यंत निघाला आणि नवे भाग आजही ढिगाने मिळतात. त्याचं मोठं सुख म्हणजे डिफरन्शियलचा अख्खा गोळा पुढून सुटतो. मित्राकडे दोन गोळे आहेत, एक ३.५० चा आणि एक ४.३० चा, शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारभरात बदलतो. पिनियनला पलीकडच्या टोकालाही बेअरिंगचा आधार असतो, सी-क्लिपची भानगड नाही. पण पिनियन फार खाली बसतो, त्यामुळे दाते एकमेकांवर जास्त घासतात आणि थोडी ताकद तेलात जिरते. शेव्हेलसाठी ब्रॅकेट वेल्ड केलेलं हाउसिंग मागवा, युनिव्हर्सल जॉइंट जुळवा, शाफ्टची लांबी पुन्हा मोजा, ब्रेकही त्याच्याच मापाचे घ्या. चिकट स्लिक टायर आणि पाचशेच्या वर हॉर्सपॉवर असेल तर एवढा खटाटोप वसूल होतो. नाही तर शेव्हीखाली फोर्ड का, हे प्रत्येक पेट्रोल पंपावर सांगत बसायची तयारी ठेवा.

गाडी खरी एसएस (सुपर स्पोर्ट) असेल आणि ॲक्सलच्या उजव्या नळीवर मूळचा कोड ठोकलेला असेल, तर काहीही बसवा, पण तो जुना ॲक्सल विकू नका.

बसवणारा माणूस मात्र नीट निवडा. काम झाल्यावर दात्यांना पिवळी पेस्ट लावून उमटलेला ठसा दाखवायला सांगा. तो दात्याच्या मधोमध हवा. टोकाला किंवा कडेला गेलेला असेल तर पैसे देऊ नका. नव्या गिअरवर पहिल्यांदा वीसेक मिनिटं हळू चालवून गाडी पूर्ण गार होऊ द्या, पाचशे मैल दामटू नका, मग तेल बदला. क्लचवाली पॉझी असेल तर तेलात तिचं ॲडिटिव्ह घालायचं असतं. ट्रूट्रॅक या बिनक्लचच्या प्रकाराला ते लागत नाही.

आणि गिअरबॉक्सच्या शेपटीतलं स्पीडोमीटरचं प्लास्टिकचं गिअर त्याच दिवशी बदला. मी ३.३१ वरून ४.१० वर गेलो तेव्हा ते राहिलं होतं. काटा ७० वर धरून शहाण्यासारखा चाललो होतो, आणि मागचे ट्रक हॉर्नवर हॉर्न मारत होते. खरा वेग होता साडेछप्पन्न.