पत्र्याखालची पीव्हीसी सिलिंग: अडीच वर्षांचा अनुभव, 5 पैकी 2

परभणीतल्या आमच्या ओळखीतले बरेच जण सध्या घराला पीव्हीसी पॅनलची सिलिंग करायलेत आणि मला विचारायलेत की सर तुमची कशी आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहायलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण एका दुकानाशी नाही, माल सगळीकडं तोच आहे.

आमचं घर वरून पत्र्याचं. गावाकडं आजोबाचं माळवद होतं, तुळयांवर लाकडं आन् वर हातभर पांढरी माती, मे महिन्यात दुपारी बी आत गार वाटायचं. शहरात आल्यावर पत्रा नशिबात आला. परभणीचा उन्हाळा काय असतो ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही, 43-44 ला पारा गेला की पत्र्याखाली बसवत नाही. 2022 च्या दिवाळीआधी दोन खोल्यांना पॅनल मारून घेतलं, फिटिंगसकट 110 रुपये स्क्वेअर फूट. 12 बाय 10 च्या दोन खोल्या, 26 हजार चारशे. दुकानदार म्हणाले, "गुरुजी, टेन्शन घेऊ नका, वाळवी नाही, पाणी नाही, लाईफटाइम आहे, आणि झाडं तोडायची गरज नाही म्हणजे इको फ्रेंडली." त्या शेवटच्या शब्दावर मी भुललो हे खरं आहे.

आधी चांगलं सांगतो. फिटिंग एका दिवसात झालं, पहिल्या वर्षी खोली उजळ दिसली, पावसाचा पत्र्यावरचा आवाज कमी झाला, वरून धूळ पडायची थांबली. बाथरूमचा पीव्हीसी दरवाजा तर आजही एकदम ठणठणीत आहे, तिथं लाकूड दोन वर्षांत कुजलं असतं. म्हणून 2 स्टार.

दुसऱ्या उन्हाळ्यात मधल्या पट्ट्या खाली झोका घ्यायला लागल्या. पीव्हीसी साधारण 75-80 डिग्रीला नरम पडतं, आणि तापलेल्या पत्र्याला लागून जागाच सोडली नव्हती, तर दुसरं काय होणार. खिडकीजवळ जिथं ऊन पडतं तिथं रंग पिवळा झाला, बोट फिरवलं की बोटाला पांढरी भुकटी लागायची. एक पट्टी काढायला गेलो तर खाचेपाशी पापडासारखी तुटली. स्वस्त पॅनलमध्ये प्लास्टिकच्या जोडीला चुनखडीची भुकटी भरपूर घालतात, त्यानं माल स्वस्त होतो आन् ठिसूळ बी होतो. दुपारी खोलीत एक वास यायचा, नवीन रेक्झिनसारखा, आईचं डोकं दुखायचं. तो वास पॅनलचाच होता असं मी शपथेवर सांगू शकत नाही, पण काढल्यावर तो गेला.

यंदा पाडव्याला एका खोलीचं पॅनल उतरवलं आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. 15 पट्ट्या आन् कडेच्या बीट्स. भंगारवाल्याला बोलावलं, त्यानं काट्यावर ठेवलं तर 28 किलो भरलं आन् परत खाली ठेवून म्हणाला, "सर, हे चालत नाही, कोणी घेत नाही." फुटकी काळी पाण्याची टाकी तो पैसे देऊन नेतो, खुर्च्या नेतो, पाण्याच्या बाटल्या नेतो, फक्त हे नेत नाही. घंटागाडीवाला म्हणाला बांधकामाचा माल आहे, चालणार नाही. 2018 ला राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून आम्ही मंडईत कापडी पिशवी घेऊन जातोय, आणि त्याच घरात डोक्यावर 28 किलो टांगलं. पातळ कॅरीबॅग 5 ग्रॅमची धरली तर 5,600 पिशव्या, त्या बी एकाच खोलीत!

गल्लीतल्या एका भावानं त्याच्याकडचे कापलेले तुकडे मागच्या बाजूला पेटवले, तर संध्याकाळभर डोळे चुरचुरायले, लेकरं खोकायली. मी विज्ञान शिकवतो, म्हणून शाळेतल्या प्रयोगशाळेत नखाएवढा तुकडा घेऊन बघितलं. तांब्याची तार बर्नरवर लाल केली, तुकड्याला टेकवली, परत ज्योतीत धरली, ज्योत हिरवीगार झाली. म्हणजे आत क्लोरीन आहे. निव्वळ पीव्हीसीच्या वजनात 57 टक्के क्लोरीनच असतं. जळालं की हायड्रोजन क्लोराईडचा वायू सुटतो, ओल्या डोळ्याला आणि घशाला लागला की ॲसिड होतं, आणि उघड्यावर असं अर्धवट जळताना डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं बी तयार होतात, ते वर्षानुवर्षे मातीत ऱ्हातात. कृपा करून कोणी पेटवू नका, घरी तारेचा प्रयोग पण करू नका.

अजून एक. पीव्हीसीला उष्णता सोसावी म्हणून स्टॅबिलायझर घालतात, पूर्वी त्यात शिसं सर्रास असायचं. पाइपातलं शिसं काढायचा केंद्राचा नियम 2021 ला आला. पॅनलचं काय म्हणून मी दुकानात विचारलं, बिलावर लेड फ्री लिहून द्या म्हणालो, तर म्हणाले असं आजपर्यंत कोणी विचारलं नाही. तुम्ही विचारा. लाकडाचा भुसा मिसळलेला बोर्ड पर्यावरणाला चांगला म्हणून विकायलेत, त्यातलं बी लाकूड आन् प्लास्टिक परत वेगळं होत नाही.

मी सगळ्या प्लास्टिकच्या विरोधात नाही. जमिनीखालचा पीव्हीसी पाइप कितीतरी वर्षं टिकतो, ऊन लागत नाही. लातूरला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या काळात दारोदारच्या टाक्या-ड्रमांनीच लोकांना तारलं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण तापलेल्या पत्र्याला चिकटवून शोभेसाठी लावायचा हा माल नाही.

उतरवलेल्या खोलीत आता बुरडाकडून बांबूचे तट्टे विणून घेतले, पत्र्यापासून वीतभर जागा सोडून, आन् पत्र्यावर वरून चुना मारला. चुना पावसात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो. तट्ट्यातून बारीक भुसा पडतो, पाल बी फिरते, आईला ते आवडत नाही. पण दुपारी त्याच खोलीत आम्ही सगळे झोपायलोय.

काढलेल्या 15 पट्ट्या आणि पोतंभर तुकडे मागच्या बोळात ताडपत्री टाकून ठेवलेत. परभणी, मानवत, सेलू, नांदेडकडं जुनं पीव्हीसी खरंच घेऊन परत वापरणारं कोणी माहीत असेल तर खाली सांगा, टेम्पोचं भाडं मी देतो.