पेटीवरचा टॅब: सात महिन्यांनंतर

टॅब दिवाळीच्या आधी घेतला. आठ इंचांहून जरा मोठा, अँड्रॉइड 13, चार जीबी रॅम. कॅमेरा कसा आहे, गेम अडकतो का, हे मला विचारू नका. दिवसा माझी पिठाची गिरणी आणि रात्री भजन-कीर्तनात पेटी, म्हणजे हार्मोनियम. टॅब घेतला तो पेटीसाठी.

आमच्या गंगाखेड भागात सप्ते लागले की पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. हरिपाठाला काही बघावं लागत नाही, पण कीर्तनात गायनाचार्य ऐनवेळी कोणती चाल धरतील याचा नेम नसतो. माझ्याकडे गुरुजींच्या चालींच्या चार वह्या आहेत. त्यातल्या दोन उभ्या, दोन आडव्या. आडव्या अशासाठी, की सोळा मात्रांची ओळ त्यांनी कुठंच मोडली नाही, एका रेघेत लिहिली. भाच्यानं चारीची मिळून एक पीडीएफ केली. सहाशेच्या वर पानं, आणि कोणतं पान उभं निघेल, कोणतं आडवं, ते देवाला ठाऊक. माझी सगळी कटकट इथून सुरू झाली.

पहिल्याच सप्त्यात, दुसऱ्या रात्री, चाल रंगात आलेली आणि स्क्रीन उभीची आडवी, आडवीची उभी. शेजारचे टाळकरी हळूच म्हणाले, "काय करायलाव मामा, पाटी फिरायली की!" मी भाता मारतोय, टॅब डुलतोय, पान फिरतंय.

कारण नंतर कळलं. टॅबमधला सेन्सर पृथ्वीची ओढ कोणत्या कडेकडं आहे ते बघून 'खाली' ठरवतो. टॅब सपाट उताणा ठेवला तर ती ओढ सरळ पाठीतून जाते, कोणतीच कड खाली नसते, म्हणून तो आधीची दिशा धरून बसतो. मी मात्र वाचायला सोपं जावं म्हणून टॅबखाली लाकडाची पट्टी द्यायचो. म्हणजे ना सपाट, ना उभा. त्यात भात्याचा दर धक्का पेटीला हलवतो. बिचाऱ्यानं ठरवावं तरी काय?

ऑटो-रोटेट, म्हणजे स्क्रीनचं आपोआप फिरणं, बंद करणं हा सोपा उपाय, आणि तो मी केला. अँड्रॉइड 9 पासून, म्हणजे 2018 पासून, एक चांगली सोय आहे: ऑटो-रोटेट बंद असताना टॅब फिरवला की कोपऱ्यात छोटं गोल चिन्ह येतं, दाबलं तरच स्क्रीन फिरते. घरी वाचताना हे झकास. पेटीवर नाही. तिथं ते चिन्ह नेमकं बोटाखाली येतं आणि एकदा चुकून दाबलं गेलं की पुन्हा तेच रामायण.

दुसरी अडचण अशी की आडवा म्हणजे कोणत्या बाजूनं आडवा? एका बाजूनं ठेवला तर आवाजाची बटणं पलीकडं भात्याकडं जातात, दुसऱ्या बाजूनं ठेवला तर माझ्याकडं. मला ती माझ्याकडंच हवी होती. भाच्यानं सेटिंगमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारून डेव्हलपर ऑप्शन्स, म्हणजे एरवी लपवलेली सेटिंग, उघडले, लॅपटॉपला वायर जोडली आणि दिशा कायमची ठोकून दिली. आत 'युझर रोटेशन' नावाची नोंद असते, तिला 0 ते 3 यातला एक आकडा द्यायचा. 0 म्हणजे नेहमीची दिशा, 2 म्हणजे डोक्यावर उभा, 1 आणि 3 या दोन्ही आडव्या. आमचं काम 3 वर झालं. बंद करून चालू केला तरी बदलत नाही. सात महिन्यांत टॅबवर केलेलं सगळ्यात उपयोगाचं काम हेच, आणि त्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आता बटणं. पान उलटायला बोट स्क्रीनवर न्यायचं म्हणजे उजवा हात सुरावरून उचलायचा. तेवढ्यात मात्रा जाते. वाजवणाऱ्यांसाठी पायानं दाबायचं ब्लूटूथ पेडल मिळतं. भाच्यानं दाखवलं. मी म्हणालो, बाबा रे, हे खुर्चीवर बसणाऱ्यांचं यंत्र आहे. मी चार-चार तास मांडी घालून बसतो, पाय आणू कुठून?

मग त्यानंच तोड काढली. सेल्फी काढायचं ते बोटभर ब्लूटूथ बटण असतं ना, ते टॅबला फक्त 'आवाज वाढव' असं सांगतं, त्यावरच फोटो निघतो. दीडशे रुपयांत मिळालं. ते भात्याच्या फळीला, डाव्या हाताचा अंगठा जिथं टेकतो तिथं, सायकलच्या ट्यूबच्या रबरानं बांधलं. टॅबमध्ये बटणांची कामं बदलणारं की मॅपर नावाचं अॅप टाकलं. बटण टॅबचं आहे की बाहेरचं, हे त्याला वेगवेगळं ओळखता येतं. बाहेरचं बटण दाबलं की स्क्रीनच्या उजव्या कडेवर टिचकी, म्हणजे पुढचं पान. टॅबचं स्वतःचं आवाज कमी करायचं बटण म्हणजे मागचं पान. तेही फक्त पीडीएफचं अॅप समोर असताना. बाकी वेळी बटणं आपली आवाजाचीच.

आधी एकाच बटणावर दोन कामं लावून पाहिली: एकदा दाबलं की पुढं, दोनदा दाबलं की मागं. ते कामाचं नाही. दुसऱ्यांदा दाबतोय का हे बघायला अॅप क्षणभर थांबतं, आणि भजनी ठेक्यात तो क्षण कळतो. एका बटणाला एकच काम द्या. अजून एक, बटण बराच वेळ वापरलं नाही की झोपतं आणि उठवण्यात पहिली टिचकी वाया जाते. म्हणून चाल सुरू व्हायच्या आधी मी एक फुकटची टिचकी मारून ठेवतो. सवय झाली.

एक फजिती सांगतोच. माघातल्या सप्त्यात टॅब पिशवीतून काढताना आवाजाची दोन्ही बटणं मुठीत दाबली गेली. तीन सेकंद ती तशी राहिली की टॉकबॅक सुरू होतं, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी टॅब स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवतो. पहिल्या वेळी तो विचारतो, चालू करू का? पण नातीनं कधीतरी 'हो' दाबून ठेवलेलं. पेटीपुढं माईक. महाराजांनी डोळे मिटून विठ्ठल विठ्ठल धरलेलं आणि माईकमधून बाईचा आवाज: "बॅटरी चौसष्ट टक्के." मांडवभर हशा. टॉकबॅकमध्ये एका टिचकीनं काही उघडत नाही, दोन माराव्या लागतात, हे मला कुठं माहीत! शेवटी टॅब पालथा घालून त्यावर बसलो. आता सेटिंगच्या अॅक्सेसिबिलिटीमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या सोयींच्या भागात, जाऊन तो दोन बटणांचा शॉर्टकट काढून टाकलाय. तुम्ही बटणांशी खेळणार असाल तर आधी हेच करा.

तक्रारी आहेत. टॅबची बॅटरी वाचवणारी यंत्रणा रात्रीत की मॅपरला मारून टाकायची. पहाटे काकड्याला बटण दाबलं की पान उलटायच्या ऐवजी आवाज वाढायचा. अॅपच्या बॅटरीत 'अनरिस्ट्रिक्टेड' केल्यावर थांबलं. एका अपडेटनंतर परवानगीच उडाली होती, ती पुन्हा द्यावी लागली. शिवाय ही परवानगी अॅक्सेसिबिलिटीची, म्हणजे मोठी: अॅपला स्क्रीन दिसते, टिचक्याही मारता येतात. त्यामुळं माझ्या बँकेचं अॅप उघडायलाच नकार देतं. त्यांचं चूक म्हणता येणार नाही, पण पिठाचे पैसे बघायला दर वेळी की मॅपर बंद करा, मग आठवणीनं चालू करा, याचा वैताग आहे. आता बँक फोनवर ठेवलीय. कुणी मेसेजवर पाठवलेली फाइल उघडून असलं अॅप टाकू नका, प्ले स्टोअरवरूनच घ्या. बाहेरून टाकलेल्या अॅपला अँड्रॉइड 13 ही परवानगी सहजी देतही नाही.

पॉवरचं बटण सहजी बदलता येत नाही. त्या वाटेला मी गेलो नाही.

चैत्रात दुपारच्या भजनाला वेगळाच त्रास. पत्र्याच्या मांडवात टॅब तापला की उजेड आपोआप कमी करतो आणि गुरुजींची शाई तशीच फिकट. याला सेटिंग नाही. ओला पंचा खाली घालून पाहिला, त्यानं पेटीच भिजायची म्हणून सोडला. दुपारी वही काढतो. चार्जिंगच्या भोकात गिरणीचं पीठ बसतं तो माझा दोष, टॅबचा नाही.

घ्यायचा असेल तर दुकानात एवढं करा. टॅब आडवा धरा, चार्जिंगचं तोंड आणि बटणं कोणत्या कडेला येतात ते बघा, मग उलट्या बाजूनं आडवा धरा आणि पुन्हा बघा. दुकानदार म्हणेल, मामा काय शोधायलाव? म्हणू द्या. माझ्या टॅबला त्या दिशेनं चार्जर लावला की वायर नेमकी उजव्या हाताच्या मनगटाला घासते, म्हणून कीर्तनाच्या आधी तो पूर्ण भरून ठेवावा लागतो. हे दुकानात दोन मिनिटांत कळलं असतं.